विश्लेषण : अमेरिकेत ‘हेबिअस कॉर्पस’ याचिकेमुळे राज्याचा खटला थांबतो का?

२१ एप्रिल १९९२ ची पहाट. कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात रॉबर्ट अल्टन हॅरिस या कैद्याला गॅस चेंबरमधील खुर्चीला बांधण्यात आले होते. १९७८ मध्ये सॅन दिएगो येथे दोन किशोरवयीन मुलांची हत्या केल्याबद्दल राज्याच्या न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला होता. त्या एका रात्रीत फेडरल अपिली न्यायालयाच्या न्यायाधीशांनी चार वेळा अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने चारही वेळा ती उठवली. शेवटची स्थगिती आली तेव्हा हॅरिसला चेंबरमधून बाहेर काढावे लागले. अखेर ‘आमच्या आदेशाशिवाय कोणत्याही फेडरल न्यायालयाने आता स्थगिती देऊ नये’ असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. सकाळी सहानंतर शिक्षेची अंमलबजावणी झाली.

त्या रात्रीचे सगळे अर्ज हेबिअस कॉर्पसचे नव्हते. काहींमध्ये गॅसने मृत्युदंड देण्याच्या पद्धतीलाच आव्हान होते. पण या प्रकरणामुळे एक प्रश्न ठळकपणे पुढे आला. खटला राज्याचा, कायदा राज्याचा, शिक्षा राज्याची. मग ती थांबवण्याचा अधिकार फेडरल न्यायाधीशाला कसा? आणि तो अधिकार नेमका कधी वापरता येतो?

दोन न्यायव्यवस्था, एक आरोपी

भारतात केंद्राचा कायदा असो वा राज्याचा, बहुतेक गुन्ह्यांचे खटले एकाच न्यायव्यवस्थेत चालतात. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशी ती एकच शिडी आहे. अमेरिकेत मात्र दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. खून, दरोडा, बलात्कार अशा बहुतांश गुन्ह्यांचे खटले राज्याच्या न्यायालयांत चालतात आणि त्यांची अपिले राज्याच्याच वरिष्ठ न्यायालयांत जातात. फेडरल जिल्हा न्यायालय आणि त्यावरील फेडरल अपिली न्यायालय ही दुसरी शिडी. दोन्ही शिड्या सर्वसाधारणपणे फक्त सर्वोच्च न्यायालयापाशी एकत्र येतात.

या दोन शिड्यांना मध्येच जोडणारी फळी म्हणजे हेबिअस कॉर्पस, अर्थात बंदीप्रत्यक्षीकरण याचिका. आपल्याकडे बेपत्ता व्यक्ती, बेकायदा स्थानबद्धता अशा प्रकरणांत अनुच्छेद ३२ किंवा २२६ खाली ती दाखल होते, हे वाचकांना परिचित आहे. अमेरिकेत तिचा मोठा वापर शिक्षा झाल्यानंतर होतो. ‘राज्याने मला दोषी ठरवताना अमेरिकी राज्यघटनेने दिलेल्या हक्कांचा भंग केला, म्हणून मला डांबून ठेवणे बेकायदा आहे,’ असे कैदी फेडरल जिल्हा न्यायालयात म्हणतो. तांत्रिकदृष्ट्या हे अपील नाही, तर तुरुंगाधिकाऱ्याविरुद्धचा स्वतंत्र दिवाणी दावा आहे. त्यामुळेच अशा प्रकरणांच्या नावात कैद्यासमोर बहुधा तुरुंगप्रमुखाचे नाव दिसते.

याचिका दाखल केली की सगळे थांबते?

नाही. सर्वात मोठा गैरसमज हाच आहे. फेडरल कायद्याच्या २८ व्या शीर्षकातील कलम २२५१ याबाबत स्पष्ट आहे. ज्या फेडरल न्यायाधीशासमोर हेबिअस कॉर्पस याचिका प्रलंबित आहे, तो त्या याचिकेशी संबंधित बाबींपुरती राज्याची कोणतीही कार्यवाही थांबवू ‘शकतो’. निकालापूर्वी थांबवू शकतो, आणि त्या निकालावरचे अपील प्रलंबित असतानाही. पण ‘शकतो’ हा शब्द महत्त्वाचा. स्थगिती द्यायलाच हवी, असे कायदा म्हणत नाही.

स्थगिती दिली गेली, तर त्यानंतर राज्याने केलेली कार्यवाही केवळ अनियमित ठरत नाही, ती शून्यवत ठरते. म्हणजे त्या काळात राज्याच्या न्यायालयाने निकाल दिला तरी तो दिलाच नाही असे मानायचे. उलट, स्थगिती दिली गेली नाही, तर याचिका अस्तित्वातच नसल्यासारखी राज्याची कार्यवाही पूर्णपणे वैध राहते. थोडक्यात, याचिकेच्या पोहोचपावतीने काहीही थांबत नाही. थांबवतो तो न्यायाधीशाचा लेखी आदेश.

ही तरतूद इतर बाबतीतही वेगळी आहे. राज्याच्या न्यायालयातील कामकाज फेडरल न्यायालयाने मनाई हुकूम काढून थांबवू नये, असा सर्वसाधारण निर्बंध अमेरिकी कायद्यात आहे. कलम २२५१ हा त्याला संसदेनेच घालून दिलेला अपवाद आहे.

पूर्वी स्थगिती आपोआप मिळत होती?

होय. याचे मूळ यादवी युद्धात आहे. युद्ध संपल्यानंतर दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना आणि केंद्राशी एकनिष्ठ राहिलेल्यांना स्थानिक न्यायालयांत न्याय मिळेल, याची खात्री नव्हती. म्हणून ५ फेब्रुवारी १८६७ रोजी अमेरिकी काँग्रेसने कायदा करून राज्यांच्या ताब्यातील व्यक्तींनाही फेडरल न्यायालयाचे दार उघडले. त्या कायद्यात याचिका आणि त्यावरचे अपील प्रलंबित असेपर्यंत राज्याची कार्यवाही आपोआप थांबण्याची तरतूद होती. वेगळा आदेश लागत नसे.

परिणाम असा झाला की मृत्युदंडाची तारीख जवळ आली की याचिका, ती फेटाळली की अपील, असा मार्ग अवलंबला जाऊ लागला. अपिलात दम असो वा नसो, तारीख पुढे जात असे. म्हणून १९०८ मध्ये काँग्रेसने अपिलावर चाळणी बसवली. फेडरल न्यायाधीशाने ‘अपिलाला सकृद्दर्शनी कारण आहे’ असे प्रमाणित केल्याशिवाय अपील करता येणार नाही, असा नियम आला. पुढे १९३४ मध्ये आपोआप मिळणारी स्थगितीही गेली आणि ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवण्यात आली. १९४८ च्या संहितेत हीच व्यवस्था कलम २२५१ म्हणून कायम झाली.

या स्थगितीचे मोल आणि मर्यादा लिओ फ्रँक प्रकरणात दिसतात. जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे पेन्सिल कारखान्याचा व्यवस्थापक असलेल्या या ज्यू तरुणाला १९१३ मध्ये खुनाबद्दल मृत्युदंड झाला. खटला सुरू असताना न्यायालयाबाहेर संतप्त जमाव जमत होता. फेडरल जिल्हा न्यायालयाने याचिका फेटाळली, पण सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जोसेफ लमार यांनी अपिलाला परवानगी दिली आणि अंमलबजावणी लांबली. एप्रिल १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी अपील फेटाळले. मात्र मिळालेल्या अवधीत राज्याचे गव्हर्नर जॉन स्लेटन यांनी कागदपत्रे तपासून शिक्षा जन्मठेपेत बदलली. दोन महिन्यांतच जमावाने फ्रँकला तुरुंगातून पळवून नेऊन झाडाला फाशी दिली. न्यायालयाची स्थगिती राज्याला बांधते, जमावाला नाही.

आठ वर्षांनी, १९२३ च्या ‘मूर विरुद्ध डेम्प्सी’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने भूमिका बदलली. जमावाच्या दहशतीखाली चाललेला खटला हा खटलाच नव्हे आणि फेडरल न्यायालयाने त्यात लक्ष घातलेच पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. अर्कान्सासमधील मृत्युदंड झालेल्या सहा कृष्णवर्णीयांचे ते प्रकरण होते.

खटला सुरू होण्यापूर्वीच तो रोखता येतो?

फार क्वचित. येथे दोन अडथळे आहेत. पहिला, आधी राज्यातील सर्व न्यायिक मार्ग वापरून झाले पाहिजेत. दुसरा, १९७१ च्या ‘यंगर’ निकालानुसार राज्याचा फौजदारी खटला सुरू असताना फेडरल न्यायालयाने हात आखडता घेणे अपेक्षित आहे. पुराव्यावरचा आक्षेप, न्यायाधीशाचा पक्षपात, चुकीचा कबुलीजबाब हे मुद्दे आरोपीने आधी राज्याच्याच न्यायालयात मांडायचे असतात.

पण एक हक्क असा आहे, की खटला चालला की तो हक्कच उरत नाही. एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटल्याला उभे न राहण्याचा हा हक्क. दुसरा खटला संपल्यावर ‘तो चालायलाच नको होता’ असे म्हणण्यात काय अर्थ? म्हणून या मुद्द्यावर खटल्यापूर्वीच फेडरल याचिका ऐकली जाते. त्यासाठी आरोपी तुरुंगातच असला पाहिजे, असेही नाही. जामिनावरील व्यक्तीही कायद्याच्या दृष्टीने ‘ताब्यात’ असते, हे १९७३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे.

अलीकडचे उदाहरण मॅसॅच्युसेट्समधील कॅरन रीड खटल्याचे. बोस्टनमधील पोलीस अधिकारी असलेल्या मित्राच्या मृत्यूप्रकरणी तिच्यावरील पहिला खटला जुलै २०२४ मध्ये ज्यूरीचे एकमत न झाल्याने निष्फळ ठरला. तीनपैकी दोन आरोपांत तिला निर्दोष ठरवण्यावर ज्यूरीचे एकमत झाले होते, असे नंतर काही ज्यूरी सदस्यांनीच सांगितले. ‘मग त्याच आरोपांवर पुन्हा खटला कसा?’ हा प्रश्न घेऊन तिचे वकील आधी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात आणि मग हेबिअस कॉर्पस याचिकेद्वारे फेडरल न्यायालयात गेले. ज्यूरीने निकाल भर न्यायालयात जाहीर केलेला नसल्याने तो निकाल ठरत नाही, असे सांगत जिल्हा न्यायालयाने आणि अपिली न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. एप्रिलमध्ये दुसऱ्या खटल्यासाठी ज्यूरी निवड सुरू झाली, तेव्हा फेडरल मार्ग पूर्णपणे संपलेलाही नव्हता. पण स्थगितीचा आदेश नव्हता, म्हणून राज्याचा खटला वैधपणे पुढे सरकला. जूनमध्ये ज्यूरीने तिला खुनाच्या आरोपातून मुक्त केले, मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल मात्र दोषी ठरवले.

स्थगिती देताना न्यायाधीश काय पाहतात?

साधारण चार गोष्टी. याचिकाकर्ता अखेरीस जिंकण्याची शक्यता कितपत आहे, स्थगिती नाकारल्यास त्याचे भरून न येणारे नुकसान होईल का, दिल्यास समोरच्या पक्षाचे किती नुकसान होईल आणि सार्वजनिक हित कशात आहे. मृत्युदंडाच्या प्रकरणात दुसऱ्या निकषाला वेगळा युक्तिवाद लागत नाही. त्यामुळे लढाई पहिल्या निकषावर होते.

तरीही मृत्युदंड आहे म्हणून स्थगिती हा हक्क ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. कैद्याने अर्ज मुद्दाम शेवटच्या क्षणापर्यंत रोखून धरला असेल, तर ते त्याच्याविरुद्ध जाते. मात्र पहिल्याच फेडरल याचिकेला काहीसे संरक्षण आहे. ठरलेल्या तारखेपूर्वी ती गुणवत्तेवर निकाली काढता येत नसेल, तर न्यायालयाने स्थगिती द्यावी, असे १९९६ च्या ‘लोंचार’ निकालात म्हटले आहे. नाहीतर माणूसच उरणार नाही आणि याचिकाही निरर्थक होईल. दुसऱ्या, तिसऱ्या याचिकेला ही सवलत नाही.

वकीलच नसेल तर?

हा प्रश्न सैद्धांतिक नाही. राज्यातील अपिले संपल्यावर अनेक मृत्युदंडित कैद्यांकडे वकील नसतो. टेक्सासमधील फ्रँक मॅकफारलंड या कैद्याच्या प्रकरणात नेमका पेच असा होता : याचिका लिहायला वकील हवा, वकील मिळेपर्यंत वेळ हवा, वेळ मिळण्यासाठी स्थगिती हवी आणि स्थगितीसाठी आधी याचिका हवी. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गाठ सोडवली. वकील नेमण्याचा अर्ज दिला की फेडरल कार्यवाही सुरू झाली असे मानून न्यायालय अंमलबजावणी रोखू शकते, असा निकाल दिला.

काँग्रेसने २००६ मध्ये याला मर्यादा घातली. आता अशी स्थगिती वकील नेमल्यापासून जास्तीत जास्त ९० दिवस टिकते. तेवढ्या अवधीत नव्या वकिलाला हजारो पानांचे रेकॉर्ड वाचून याचिका तयार करावी लागते.

त्याआधी, १९९५ मधील ओक्लाहोमा सिटी बॉम्बस्फोटानंतर आलेल्या १९९६ च्या कायद्याने सगळ्याच कैद्यांसाठी चौकट आवळली होती. राज्यातील निकाल अंतिम झाल्यापासून एका वर्षात याचिका दाखल करावी लागते. राज्याच्या न्यायालयाचा निर्णय नुसता चुकीचा असून चालत नाही, तो सर्वोच्च न्यायालयाच्या प्रस्थापित कायद्याशी विसंगत किंवा त्याचा अवाजवी अर्थ लावणारा असावा लागतो. याचिका फेटाळल्यावर अपील करायचे तर घटनात्मक हक्कभंगाचा ठोस मुद्दा दाखवून प्रमाणपत्र मिळवावे लागते. ते मिळाले नाही, तर अपील नाही. आणि अपील नाही, तर स्थगितीलाही आधार उरत नाही.

कैदी जिंकला, तर राज्य काय करते?

येथे चित्र उलटते. फेडरल न्यायालय बहुधा थेट सुटकेचा आदेश देत नाही. ‘ठरावीक दिवसांत पुन्हा खटला चालवा, नाहीतर सोडून द्या’ असा सशर्त आदेश देते. राज्य त्यावर अपील करते आणि आता स्थगिती मागण्याची पाळी राज्याची असते. १९८७ च्या ‘हिल्टन’ निकालानुसार अपील प्रलंबित असताना जिंकलेल्या कैद्याला सोडावे, असा प्राथमिक कल आहे. पण तो पळून जाण्याचा धोका, समाजाला असलेला धोका आणि राज्याचे अपील यशस्वी होण्याची शक्यता पाहून तो कल बदलू शकतो.

‘मेकिंग अ मर्डरर’ ही नेटफ्लिक्स मालिका पाहिलेल्यांना ब्रेंडन डॅसी आठवेल. २००५ मधील खुनाच्या वेळी १६ वर्षांच्या असलेल्या या मुलाचा कबुलीजबाब सक्तीने घेतला, असे ठरवून विस्कॉन्सिनमधील फेडरल न्यायाधीशाने ऑगस्ट २०१६ मध्ये त्याची शिक्षा रद्द केली. नोव्हेंबरमध्ये अपील प्रलंबित असतानाच सुटकेचा आदेशही निघाला. घरी जाण्याची तयारी सुरू असताना अपिली न्यायालयाने सुटका रोखली. जून २०१७ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने त्याच्या बाजूने कौल दिला. डिसेंबरमध्ये त्याच न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी ४ विरुद्ध ३ मतांनी तो उलटवला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. दोनदा जिंकूनही तो एक दिवससुद्धा बाहेर आला नाही.

लुइझियानातील अल्बर्ट वूडफॉक्स यांनी चार दशकांहून अधिक काळ, त्यातील बहुतेक एकांतवासात काढला. फेडरल न्यायालयाने शिक्षा रद्द केल्यावर जून २०१५ मध्ये न्यायाधीश जेम्स ब्रेडी यांनी त्यांच्या सुटकेचा आदेश देताना तिसरा खटला चालवण्यासही राज्याला मनाई केली. हे अत्यंत दुर्मीळ पाऊल होते. अपिली न्यायालयाने आधी सुटका रोखली, मग नोव्हेंबरमध्ये आदेशच रद्द केला. अखेर फेब्रुवारी २०१६ मध्ये सौम्य आरोपांना आव्हान न देण्याच्या तडजोडीवर, ६९ व्या वाढदिवशी, ते बाहेर आले.

फेडरल याचिकाच ‘थांबवून ठेवता’ येते?

हो, आणि ते अनेकदा आवश्यक ठरते. समजा, याचिकेतील पाच मुद्द्यांपैकी एक राज्याच्या न्यायालयात मांडलेलाच नाही. याचिका परत पाठवली, तर एक वर्षाची मुदत उलटून जाण्याची भीती. कारण राज्यातील याचिका प्रलंबित असताना हे घड्याळ थांबते, पण फेडरल याचिका प्रलंबित असताना थांबत नाही, असे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. म्हणून २००५ च्या ‘ऱ्हाइन्स’ निकालाने मधला मार्ग दिला : योग्य कारण असेल, तर फेडरल न्यायालय स्वतःकडची याचिका स्थगित ठेवून कैद्याला राज्याच्या न्यायालयात जाऊ देते. येथे राज्याची कार्यवाही थांबत नाही, उलट तिच्यासाठी फेडरल न्यायालयच थांबते.

मग वाद कशावर आहे?

राज्यांचे आणि पीडितांच्या कुटुंबीयांचे म्हणणे साधे आहे. राज्यातील दोन-तीन न्यायालयांनी तपासलेला निकाल वर्षानुवर्षे अधांतरी ठेवू नये. व्हर्जिनियातील रॉजर कोलमनचे प्रकरण ते पुढे करतात. त्याच्या वकिलांनी राज्यातील अपिलाची नोटीस तीन दिवस उशिरा दिली, म्हणून १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेडरल सुनावणीच नाकारली आणि मे १९९२ मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. तो निर्दोष असल्याचा दावा जगभर गाजला होता. २००६ मध्ये डीएनए चाचणी झाली आणि तो दोषीच असल्याचे निष्पन्न झाले.

याच प्रकरणातून दुसरी बाजूही निघते. कोलमनच्या बाबतीत उत्तर राज्याच्या बाजूने आले, पण ते आले तेव्हा त्याला जाऊन जवळपास चौदा वर्षे झाली होती. चाचणीचा निष्कर्ष उलट आला असता, तर तो दुरुस्त करण्याचा कोणताही मार्ग कोणत्याही न्यायालयाकडे नव्हता. चुकून दिलेली स्थगिती नंतर उठवता येते. चुकून नाकारलेली स्थगिती, विशेषतः मृत्युदंडात, नंतर देता येत नाही.

१८६७ च्या कायद्याने हा धोका ओळखून आधी थांबवा, मग तपासा, असा क्रम लावला होता. आज तो क्रम उलटा आहे : आधी दाखवा, मग थांबवू. त्यामुळे कैद्याच्या बाबतीत बरेचसे ठरते ते मुदतीत याचिका दाखल करणारा वकील मिळतो का आणि रात्री उशिरा आलेला अर्ज वाचणारा न्यायाधीश आदेशावर सही करतो का, यावर.